विमान घ्यायचं का? आधी आपलं लॉगबुक उघडा

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की कोणीतरी मोदकाची प्लेट घेऊन माझ्याजवळ सरकतं आणि हळूच विचारतं, "तुझं ते विमान केवढ्याला पडलं रे?" मी म्हणतो, एक तृतीयांश पडलं. लोक हसतात, पण खरंच तसंच आहे, १९७५ च्या सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानात माझा तिसरा हिस्सा आहे आणि ते विमान न्यू जर्सीतल्या एका छोट्या विमानतळावर उघड्यावर दोरीने बांधून ठेवलेलं असतं. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे आता प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, काही शिकतायत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की भाड्याच्या विमानाला कंटाळलो, आता आपलंच घ्यावं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या गणपतीत मोदक शांतपणे खाता येतील. हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, भारतात नियमांपासून पेट्रोलपर्यंत सगळंच वेगळं. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना त्याचं रजिस्ट्रेशन डीजीसीएकडून, म्हणजे तिथल्या विमान-खात्याकडून, मिळायला २०१७ उजाडलं, त्यावरून काय तो अंदाज घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो जी तुमच्या गोऱ्या मित्रांना माहीत नसते कारण त्यांना कधी लागलेलीच नसते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर विमान तुमच्या नावावर होत नाही. गाडी होते, घर होतं, विमान नाही. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान-खात्याच्या, रजिस्टरला नाव लावायचं तर माणूस अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, आणि तिघांनी मिळून घेताना एक जरी एच-वन वाला असला तरी तिघांच्या नावावर ते चढत नाही. ट्रस्ट काढून, कंपनी काढून करता येतं पण त्याला विमान-व्यवहारातला वकील लागतो, ट्रस्टी दरवर्षी फी घेतो, आणि लाखभर डॉलरच्या जुन्या विमानासाठी हा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ग्रीन कार्ड येईपर्यंत सरळ फ्लाइंग क्लबात जा. अजून शिकायचंच असेल तर ट्रेनिंग सुरू करण्याआधी टीएसएची, म्हणजे इथल्या वाहतूक-सुरक्षा खात्याची, परवानगी लागते हेही लक्षात ठेवा, ती ग्रीन कार्डवाल्यालाही चुकत नाही.

आता लॉगबुक, म्हणजे पायलटची आपल्या उड्डाणांची वही. मागच्या बारा महिन्यांत तुम्ही किती तास उडालात ते मोजा. पुढच्या वर्षी किती उडणार ते मला सांगू नका, ते सगळेच शंभर सांगतात. मागचे तास घ्या, त्यातून लायसन्ससाठी किंवा इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (ढगात नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी) शिकवणाऱ्या पायलटबरोबर काढलेले तास वजा करा, उरतील ते तुमचे खरे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ३८ निघाले, आणि बायकोला मी आधीच शंभर सांगून बसलो होतो. तिने आकडा बघितला आणि काही बोलली नाही, नुसती चहा ठेवायला गेली. आपलं विमान आलं की तास वाढतात हे खरं आहे, माझे ३८ चे ६१ झाले, पण १०० नाही झाले, कारण जानेवारी-फेब्रुवारी अर्धे वाऱ्यात आणि बर्फात जातात, रविवारी पोरांची मराठी शाळा असते आणि मे-जूनमध्ये कोणाची ना कोणाची तरी मुंज नाहीतर ग्रॅज्युएशन असतंच.

हा आकडा कशाला हवा ते पैशात दाखवतो. सगळे आकडे माझ्या आजूबाजूचे आणि गोल केलेले आहेत, तुमच्या विमानतळावर फोन करून आपापले भरा. विमान उडो न उडो, लागणारा खर्च असा: उघड्यावर बांधायची जागा महिना १८० म्हणजे वर्षाला २,१६०, विमा २,०००, वर्षाची तपासणी आणि त्यात निघणारी छोटी-मोठी कामं ४,०००, आणि जीपीएसचा डेटाबेस, ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणारं यंत्र) दर २४ महिन्यांची टेस्ट, बॅटऱ्या असलं किडूकमिडूक धरून ८००. झाले जवळपास ९,००० डॉलर. उडताना तासाला लागणारं वेगळं: साडेआठ गॅलन पेट्रोल साडेसहाच्या भावाने ५५, इंजिन पुन्हा बांधायचा खर्च ३६,००० धरून २,००० तासांवर वाटला तर १८, ऑइल ३, इतर झीज १८. म्हणजे ९५ च्या आसपास. तेच विमान शाळेकडून भाड्याने घेतलं तर पेट्रोलसकट तासाला २०० पडतात असं धरू. प्रत्येक तासाला १०५ वाचतात, मग ९,००० भरून निघायला ८६ तास उडावं लागतं. हँगर घेतला, महिना ७०० ने, तर बसल्याजागचा खर्च १५,००० च्या वर जातो आणि मग १४५ तास लागतात. शिवाय विमानात अडकलेल्या ९०-९५ हजारांवर बँकेत जे व्याज मिळालं असतं ते मी धरलेलंच नाही. ते धरायला लागलो की कोणीच विमान घेणार नाही.

म्हणून माझं सरळ मत: तुमचे खरे तास ५० च्या खाली असतील तर एकट्याने विमान घेऊ नका. पैसे असले तरी. कारण पैसे हा त्यातला छोटा भाग आहे, मोठा भाग म्हणजे उभं राहिलेलं विमान कुजतं. या विमानांमध्ये बहुतेक लायकमिंग कंपनीची इंजिनं असतात आणि त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, क्रँक या मुख्य दांड्याच्या वर. इंजिन बंद केलं की थोड्या दिवसांत त्यावरचं ऑइल निथळून खाली जातं, कॅम कोरडा पडतो, हवेतली ओल त्याच्यावर बसते आणि बारीक गंज धरतो. मग कधीतरी तुम्ही चार महिन्यांनी येऊन इंजिन सुरू करता आणि तो गंजलेला कॅम घासायला लागतो. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवणारे लोक असतात, तो तर आणखी वाईट प्रकार, ऑइल पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ आतच राहते. इंजिनला हवेत न्यायचं, तासभर नीट तापवायचं, दर आठवड्याला जमलं तर उत्तमच.

कुठे जाणार हा प्रश्न लोक उडवून लावतात, तो नीट विचारा. चार सीट म्हणजे चार माणसं असं समजून माझी फजिती झालेली आहे. आई-बाबा पुण्याहून आले होते, म्हटलं चला, केप मेला नेतो, लाइटहाऊस दाखवतो. आदल्या रात्री वजनाचा हिशोब मांडला. विमानाचं कमाल वजन २,३०० पौंड म्हणजे १,०४३ किलो, आमचं रिकामं विमान ६४९ किलो, दोन्ही टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन, ते १०३ किलो. उरले २९१. मी ८२, बायको ६४, बाबा ७८, आई ६६, झाले २९०. एक किलो शिल्लक. आणि आईने वाटेत खायला म्हणून चकली-चिवड्याची जी पिशवी भरली होती तीच तीन किलोची होती. शेवटी टाकीत २५ गॅलन ठेवले, ३५ किलो मोकळे झाले आणि पिशवी गेली. केप मे तासाभराच्या आतलं, त्यामुळे चाललं, पण त्याच भाराने लांब जायचं म्हटलं असतं तर बसलं नसतं. चौघांनी नेहमी जायचं असेल तर सेसना १८२ बघा, वजन जास्त उचलते, पण तासाला तेरा-चौदा गॅलन पिते आणि विकत घेतानाही बरीच महाग.

आणि वेळेचंही खरं बोला. १७२ तासाला साधारण १०५-११० नॉट जाते, म्हणजे २०० किलोमीटरच्या आसपास. जिथे गाडीचा रस्ता वाकडा आहे तिथे ती सोन्यासारखी: ब्लॉक आयलंडला इथून गाडीने चार तास, मग फेरीची रांग, मग जवळजवळ तासभर बोट, आणि विमानाने एक तास वीस मिनिटं. पण सोमवारी सकाळी नऊला ऑफिसात हजर राहायचंच असेल तर विमानावर विसंबू नका. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर ढग खाली आले की तुम्ही तिथेच, आणि रेटिंग असलं तरी हिवाळ्यात ढगात पंखांवर बर्फ धरतं, ते घालवायची सोय या विमानांत नसते. आमचं एक ब्लॉक आयलंड दोन दिवसांचं ठरलं होतं ते चार दिवसांचं झालं, पोरं खूश, माझा मॅनेजर नाही.

तास ३० ते ८० मध्ये असतील, आणि आपल्यातल्या बहुतेकांचे तेवढेच असतात, तर हिस्सा घ्या. वरचाच हिशोब तिघांत वाटला तर वर्षाला प्रत्येकी ३,००० येतात आणि २९ तासांत भाड्याशी बरोबरी होते, शिवाय तिघं मिळून विमान हलतं ठेवतात, कॅमला गंज धरायला फुरसत मिळत नाही. पण हिस्सा म्हणजे सामाईक विहीर, हे गावाकडच्यांना समजावून सांगायला नको. विहिरीत पाणी भरपूर असतं तेव्हा सगळे भाऊ-भाऊ, मोटर जळली की मग कोणाच्या पाळीला जळली ते निघतं. आमच्यात एक निवृत्त शाळामास्तर आहेत, एक डेंटिस्ट आणि मी, तिघांनी बसून सहा पानी करार लिहिला आणि त्यातली साडेचार पानं माणूस बाहेर कसा पडणार यावर आहेत. कोणी हिस्सा विकताना आधी बाकीच्या दोघांना विचारायचं, किंमत कशी ठरवायची, एखादा वारला तर वारसांना किती दिवसांत पैसे द्यायचे, एखाद्याने महिन्याचे पैसे थकवले तर चावी कधी काढून घ्यायची. दर तासाला ४० डॉलर प्रत्येकाने इंजिनच्या खात्यात टाकायचे, उधारी नाही. ४ जुलै आणि लेबर डेचे वीकेंड आळीपाळीने. मास्तर दुपारी मधल्या वारी उडतात, आम्ही दोघं शनिवारी, त्यामुळे भांडण होत नाही. तिघंही शनिवारवाले असते तर मी शिरलोच नसतो.

तीसच्या खाली असाल तर क्लब किंवा भाडं, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता घ्यायचंच ठरलं तर कुठलं. १७२ ची शिफारस मी करतो कारण १९५६ पासून आतापर्यंत चव्वेचाळीस हजारांवर बनल्यात, कुठल्याही गावातल्या मेकॅनिकने उघडलेली असते, भाग मिळतात, विम्यावाले भुवया उंचावत नाहीत. १९८६ ते १९९६ मध्ये त्यांचं उत्पादन बंद होतं, त्यामुळे बाजारात एकतर जुन्या स्वस्त नाहीतर नव्या भलत्या महाग. १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये ओ-३२०-एच२एडी नावाचं इंजिन येतं, त्याची कॅम आणि टॅपेटच्या बाबतीत बदनामी आहे, चांगलंही चालतं पण विचारून घ्या. पायपर चेरोकी-आर्चर बघत असाल तर पंखाच्या मुख्य स्पारच्या, म्हणजे आतल्या तुळईच्या, तपासणीचा एफएएचा हुकूम त्या विमानाला लागू होतो का आणि झाला असेल तर कागद कुठाय ते बघा; २०१८ मध्ये डेटोना बीचला ट्रेनिंगच्या पायपरचा पंख हवेत सुटला होता, त्यानंतर निघालेला तो हुकूम. सेसनात तसाच हुकूम सीटच्या रुळांचा आहे, रूळ झिजले की टेकऑफला सीट मागे घसरते आणि माणूस आधाराला स्टिअरिंग धरून ओढतो, म्हणजे नाक वर. हसू नका, यात माणसं गेलेली आहेत. आणि आपण न्यूअर्क-न्यूयॉर्कच्या तीस मैलांच्या गोलात राहतो, इथे २०२० पासून एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र, सक्तीचं आहे, ज्या विमानात ते नाही त्याच्या किमतीतून दोन-चार हजार आधीच वजा करा.

जाहिरातीवर भुलू नका, आम्ही भुललो होतो. पेनसिल्व्हेनियात १९७४ ची एक १७२ होती, पांढरीशुभ्र, निळे पट्टे, आतलं लेदर नवीन, इंजिन ओव्हरहॉल होऊन (म्हणजे पूर्ण उघडून पुन्हा बांधून) फक्त ३२० तास, कायम हँगरमध्ये ठेवलेली. मी तर फोटोवरच पाघळलो. मास्तरांनी मात्र विमानाच्या दुरुस्ती-तपासणीच्या लॉगबुकांचे फोटो मागवले आणि एक वही घेऊन बसले. दर वर्षाच्या तपासणीच्या नोंदीत टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चाललं त्याचा, आकडा लिहिलेला असतो, तो खाली खाली उतरवायचा आणि एकातून एक वजा करायचे, बस. ओव्हरहॉल १९९६ चा निघाला. पहिल्या काही वर्षांत बरे तास, मग १२, ७, ९, ४, २ आणि एका वर्षी तर ०. शेवटच्या नऊ वर्षांत मिळून ४१ तास. जाहिरातीतले ते ३२० तास ही इंजिनची तारीफ नव्हती, तक्रार होती. लायकमिंग या इंजिनांना २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, असं सांगतं. आपल्यासारख्या खाजगी मालकाला ते बंधनकारक नाही, पण बारा वर्षं का म्हणतात ते तिथे कळलं.

तरी लेदर सुटेना. विमानाला ज्याने कधी हात लावलेला नाही असा वेगळा मेकॅनिक नेला, हे महत्त्वाचं, विकणाऱ्याच्या मेकॅनिकचीच सही त्या लॉगबुकांत असते, तो स्वतःची चूक कशी काढेल. त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवेचा दाब किती टिकतो ते, बघितलं, ८० पैकी ७२ ते ७६, ठीकच. नळीसारखा कॅमेरा आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व दाखवले, भाकरी चारी बाजूंनी सारखी भाजलेली असते तसा रंग हवा, एकाच कडेला करपलेला दिसला तर तो व्हॉल्व जळतोय. तेही बरे होते. मग त्याने ऑइल फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून टेबलावर पसरल्या आणि त्यावरून एक लोहचुंबक फिरवला. चुंबकाला मिशी आली. लोखंडाच्या किसाची, बारीक, चमकणारी. तो काही बोलला नाही, चुंबक नुसता आमच्याकडे धरला. मालकाची परवानगी घेऊन, परत बसवायचे पैसे आम्ही देऊ असं कबूल करून एक सिलिंडर उतरवला, आणि आत टॉर्च मारला तर कॅमच्या उंचवट्यावर अंगणात पावसात राहिलेल्या विळ्यासारखे खड्डे. तपासणीचे आणि सिलिंडरचे मिळून सोळाशे डॉलर गेले, आणि ते मला आजपर्यंतचे सगळ्यात चांगले खर्च झालेले सोळाशे वाटतात.

नंतर घेतली ती दिसायला सुमार, रंग उडालेला, सीटला पॅच, इंजिनवर १,६५० तास झालेले म्हणून किंमत कमी. पण मालक दर आठवड्याला उडवायचा, ऑइल दर ५० तासांनी बदललेलं, प्रत्येक वेळी लॅबला पाठवलेल्या नमुन्याचे रिपोर्ट फाइलला लावलेले. आता १,९०० च्या पुढे आहे, मागच्या तपासणीत फिल्टर स्वच्छ. इंजिनचे पैसे मात्र खात्यात तयार ठेवलेत.

कागदांत दोन जागी लोक पडतात. एक, टायटल, म्हणजे मालकी. सगळ्या विमानांच्या मालकीची नोंद ओक्लाहोमा सिटीला असते, तिथे शोध घेऊन विमानावर जुनं कर्ज किंवा मेकॅनिकचं बिल चढलेलं आहे का ते बघायचं आणि पैसे एस्क्रोमधूनच, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यातूनच, द्यायचे, विकणारा कितीही देवमाणूस असला तरी. दोन, टॅक्स. रजिस्ट्रेशनची फी फक्त ५ डॉलर आहे त्यामुळे लोक निवांत असतात, आणि मग न्यू जर्सीचं ६.६२५ टक्के यूज टॅक्सचं (बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा विक्रीकर) पत्र येतं, ९० हजारांवर ते सहा हजारांच्या जवळ जातं. बाहेरच्या राज्यातून घेतलं म्हणून सुटत नाही.

विम्याचा भाव विमान ठरवण्याच्या आधी विचारा. एजंट तुमचे एकूण तास, त्या मॉडेलवरचे तास, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का एवढंच विचारतो. शंभर तासांचा पायलट असाल तर १७२ ला सहज देतात आणि चाकं आत जाणाऱ्या विमानाला असा आकडा सांगतात की तुम्ही स्वतःच फोन ठेवता. पॉलिसी दहा लाखांची असली तरी आत प्रत्येक प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा असते बहुतेक वेळा, ती ओळ शोधून वाचा. आणि पॉलिसी सुरू व्हायच्या आधी विमान हलवू नका, घरी आणायलासुद्धा नाही. आणताना जोडीला शिकवणारा पायलट न्या, नवीन विमानाची बटणं कुठे आहेत ते वाऱ्यात शोधायची वेळ येऊ नये, आम्ही डेलावेअर नदी ओलांडेपर्यंत केबिन हीटरचा नॉब शोधत होतो, तो सापडला पण तिथे वायर तुटलेली होती. पहिल्या वर्षी असलं बरंच निघतं, त्यासाठी खरेदीच्या दहा टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. आमच्या पहिल्या वार्षिक तपासणीचं बिल ७,४०० आलं, त्यात शेपटीतून काढलेल्या उंदराच्या घरट्याचे दोन तास मजुरी धरून.